माईला अजून सांगितलेलं नाही

आक्का, परवा तुझा तेरावाही उरकला. तुझ्या दत्तानं कळंबला सगळं रीतसर केलं, कशात कमी पडू दिलं नाही. भावकी जमली, गोडाचं जेवण झालं, तुझ्या दोन्ही नणंदा आल्या आणि नेहमीसारख्या एकमेकींकडे पाठ करून बसल्या. तू मोकळी झालीस. माझ्या गळ्यात मात्र एक काम टाकून गेलीस, आणि ते कसं करायचं हे विचारायला तूच हवी होतीस. माईला अजून सांगितलेलं नाही.

आज रविवार, विरंगुळा केंद्र बंद. भांडीकुंडी आटोपून दुपारची लिहायला बसले आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "लिवत काय बसलीस गं, तोंड हाय न्हवं? बोल की." बोलले असते. पण मी दोन वाक्यं बोलले की तिसरं तू तोडायचीस. आता तोडणारं कुणी नाही, तर बोलायचीच गोडी गेली.

तू गेलीस त्या आठवड्यात आपली बिहारची माई तापानं खोलीत पडून होती. आम्ही बाकीचे सगळे जीप करून कळंबला आलो, तुझ्या वावराच्या कडेला तुला अग्नी दिला तिथं उभे राहिलो, परत आलो. माईला कुणी काही कळवलं नाही. कळवणार कोण, आणि कुठल्या भाषेत? ताप उतरल्यावर ती केंद्रात आली. दारातच थांबली, सतरंजीवरच्या तुझ्या जागेकडे बघितलं आणि मला विचारलं, "बहिनी ना अइली?"

मी तोंड उघडलं होतं गं. पण चाचांनी घाई केली. आपल्या चाचांना तू ओळखतेसच. जन्मभर शिलाई मशीन चालवली आणि कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं की यांची सुई थांबायची. "आक्का गाव कू गयी, माई," ते म्हणाले. "खेती का काम निकला. आ जायेगी." माईनं मान हलवली, आपल्या जागेवर बसली आणि तुझ्या बाजूचं सतरंजीचं टोक दुमडलं होतं ते सरळ केलं.

ती चहाला उठल्यावर गुरुजी चाचांवर घसरले. इंदापूरकडच्या शाळांतून वर्षानुवर्षं मुलांना शिकवलेला माणूस. आवाज चढवत नाहीत, पण शब्द सोडत नाहीत. "चाचा, हे बरं न्हाय केलं तुमी. मी रोज सकाळी मुसावादा वेरमणी म्हणतो. खोटं बोलणार न्हाय, आसं सवताला बजावतो. आन् हितं येऊन त्या बाईम्होरं गप बसतो. ह्ये बी खोटंच हाय की."

"खरं हाय गुरुजी तुमचं," चाचा म्हणाले. "पर तिचं हितं दुसरं कोण हाय? आत्ता कुठं आजारातनं उठलीया. जरा दम खाऊ द्या तिला."

दोघांचंही मला पटलं, आणि हीच माझी पंचाईत आहे. तेव्हापासून ती रोज दारात थांबते, रोज विचारते, आणि आम्ही सगळे रोज सतरंजीचे धागे मोजल्यासारखे खाली बघतो. शुक्रवारी तिनं विचारलंही नाही. नुसतं जागेकडे बघितलं आणि पदर नाकापर्यंत ओढून खांबाला टेकून बसली, अगदी पहिल्या दिवशी बसली होती तशी. मी तिच्या मुलाला, मनोजला, फोन केला. तो म्हणाला, घरीही जेवत नाही, गावाला पाठवून दे म्हणते, आणि गावात तर घराला कुलूप आहे. मग हळूच म्हणाला, "मॅडम, आप ही बता दीजिए. हमसे ना होगा." म्हणजे झालं. सगळ्यांनी मिळून चेंडू माझ्याकडे टाकला. सांगितलं तर ती त्या खांबाशी कायमची जाईल की काय, ही भीती. नाही सांगितलं तर ती वाट बघत राहणार. तिच्या या वाट बघण्याला मी फार भ्यायले आहे, आक्का.

तुझी-माझी ओळखच मुळी भांडणानं झाली. दत्ताची बारामतीच्या बँकेत बदली झाली आणि गावात एकटी कशी राहशील म्हणून त्यानं तुला फ्लॅटवर आणलं. चार दिवसांत तुझा जीव घुसमटला. मग त्यानं तुला केंद्रात आणून सोडलं. मी मोठ्या प्रेमानं खुर्ची दिली आणि दिवसाचा कार्यक्रम सांगितला: आधी हलका व्यायाम, मग भजन, मग आरोग्यावर कुणीतरी बोलणार, मग चहा. तू सगळं ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "आन् काम कंदी करायचं?"

"काम नाही आक्का. हे विरंगुळा केंद्र आहे. तुम्ही आता आराम करायचा."

"म्हंजी दिसभर नुस्तं बसायचं? आगं, बसून बसून तर मानूस मरतं."

दुसऱ्या दिवशी तू रिक्षातून भुईमुगाच्या शेंगांचं पोतं घेऊन उतरलीस. पुतण्यानं कळंबहून पाठवलं होतं. विचारलं नाही, सवरलं नाही, हॉलच्या मध्यावर ओतलंस. व्याख्यानाला आलेले डॉक्टर शेंगांच्या ढिगापलीकडून रक्तदाबावर बोलले आणि समोरची निम्मी मंडळी फोडत ऐकत होती. मी तणतणले. लोक म्हणतील, म्हाताऱ्यांकडून मजुरी करून घेतात. तू म्हणालीस, "लोकांना काय करायचंय? त्यांच्या घरात फोडून देतो का आपुन?" त्यानंतर लसूण आला, तूर आली, मेथी आली. निवडलेलं ज्याचं तो घरी न्यायचा. गुजराती बा आपल्या सुनेसाठी सोललेला लसूण डब्यात भरून न्यायची आणि सून आता आपल्याशी नीट बोलते असं कौतुकानं सांगायची. तरी मी हार मानली नव्हती. माझं वेळापत्रक भिंतीवर होतं आणि तू त्याच्याखालीच पोतं ठेवायचीस.

मी तुला अहो-जाहो करायचे तेही तुला खपलं नाही. "थोरल्या भनीला कुनी आहो म्हनतं व्हय? का मी सरकारी पाव्हणी हाय?" मला सख्खी बहीण नाही. पहिल्यांदा 'तू' म्हटलं तेव्हा जीभ अडखळली होती. आता तीच सवय सुटत नाही. सकाळी चहा ठेवला की वाटतं, हिला सांगितलं पाहिजे. काय सांगायचं असतं? काही नाही. दूध नासलं, गल्लीत पाणी आलं नाही, गुरुजींनी नवा चष्मा केला. हे सगळं आता कुठं ठेवायचं?

माई आली ती तू आलीस त्याच्या पुढच्या पावसाळ्यात. मनोज एमआयडीसीत कंपनीत आहे. बिहारात वडील वारले तेव्हा तो आईला घेऊन आला. त्याची पाळी बदलती, बायको बाळंतपणाला माहेरी, खोलीत म्हातारी एकटी. बारामतीत आता अशी कितीतरी घरं आहेत. मुलगा कुठल्याशा राज्यातून कामाला येतो, चार पैसे जमल्यावर आईबापांना आणतो, आणि त्या आईबापांना भाजीवालीशीही बोलता येत नाही. कंपनीतल्या पोराला कंपनीत चार मित्र होतात. म्हातारीला कुठून होणार? मनोजनं मोटरसायकलवरून तिला आणून सोडलं आणि ती खांबाशी, पदर नाकापर्यंत ओढून, बसली.

मी काय कमी केलं? हिंदी भजनं लावली. हिंदी बोलणारी एक मुलगी बोलावली. हाताला धरून व्यायामाला उभं केलं, तर ती भिंत धरून रडायला लागली. तिची भोजपुरी माझ्या शाळेतल्या हिंदीच्या आवाक्यातली नव्हती. एक दिवस तू उठलीस, तिच्या समोर फतकल मारून बसलीस, पदरातल्या शेंगा तिच्या ओच्यात ओतल्यास आणि म्हणालीस, "फोड." बस. तिनं एक फोडली. दाणा तोंडात टाकला. मग दुसरी फोडली आणि दाणा तुझ्या हातावर ठेवला.

त्यानंतर तुमच्या दोघींचं जे चाललं त्याला काय म्हणावं मला आजही सुचत नाही. तू मराठीत बोलायचीस, ती भोजपुरीत. हळू बोलणं नाही, खुणा नाहीत, दोघीही भरधाव. मी एकदा मधे बसून अर्थ सांगायला गेले, तर "तू ऊठ गं, आमचं आडतंय तुज्यामुळं," म्हणून मला हाकललंस. वर तिच्या घरच्या बातम्या मलाच ऐकवायचीस. तिला चार पोरी हाईत, चांगल्या दांडग्या, एकीनं बी फोन केला न्हाय, म्हणून तू कितीतरी दिवस त्या पोरींना शिव्या घालत होतीस. शेवटी मनोजला विचारलं. तो पोट धरून हसला. "चाची, बेटी नहीं, भैंस." तुझा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पण कबूल करशील ती तू कसली? "म्हशी तर म्हशी," तू म्हणालीस, "तिच्या हातच्याच हुत्या न्हवं? गेल्याच की दुसऱ्याच्या दावनीला."

आणि तो उन्हाळा, आक्का. कळंबहून कोहळे आले आणि तू सांडग्यांचा घाट घातलास. माईनं कोहळा बघितला आणि पदर मागं टाकून टाळी वाजवली. तिच्याकडे त्याला भतुआ म्हणतात आणि त्याच्या बड्या घालतात. केंद्राच्या गच्चीवर प्लास्टिकचे कागद अंथरले. डाळ वाटून झाली आणि तुमचं वाजलं. तुझं म्हणणं, सांडगा बोटांच्या चिमटीनं बारका सोडायचा. तिचं म्हणणं, बडी मोठी हवी आणि वर टोक हवं. तू तिच्या बड्या मोडायचीस, ती तुझे सांडगे एकमेकांत मिसळायची. भर उन्हात दोन म्हाताऱ्या कागदावर वाकून भांडत होत्या आणि मी छत्री धरून मधे उभी. शेवटी अर्ध्या कागदावर तुझे, अर्ध्यावर तिच्या. वाळल्यावर दोन्ही एकाच डब्यात भरले. मी तो डबा अजून संपवलेला नाही.

केंद्रासमोरून तुझ्या कळंबकडची, वालचंदनगरची एसटी जायची तेव्हा तुझे हात थांबायचे. मी चिडवायचे, "तासाभराच्या वाटेवर तुझं गाव आणि तू परदेशी गेल्यासारखं तोंड काय करतेस? माईचं बघ, दोन दिवस रेल्वेत बसावं लागतं." तू म्हणायचीस, "जाता येत न्हाय न्हवं? मग तासाचं काय आन् दोन दिसांचं काय." दत्ता चांगला आहे, सून चांगली आहे, कुणी तुला डांबून ठेवलं नव्हतं. पण कळंबच्या घरात आता पुतण्याचा संसार होता आणि तुला तिथं पाहुणी म्हणून जायचं नव्हतं. मला वाटतं, हे तू एकट्या माईलाच नीट सांगितलं असशील. माझ्यासमोर तू हसण्यावारी न्यायचीस.

आपलं शेवटचं भांडण अर्धंच राहिलं. मी ठरवलं होतं, बाहेरून आलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी मराठीचा वर्ग काढायचा. दवाखान्यात कुठं दुखतं हे तरी सांगता यावं. माईला पहिलं बसवायचं. तू भडकलीस. "मरायच्या वयात तिला साळंत घालतीस व्हय? त्यापरीस तूच शीक की तिचं बोलनं. तुजं तर वय हाय." मी म्हटलं, "आक्का, उद्या तू नसलीस तर ती बोलेल कुणाशी?" तू लसणाची पाकळी टोपलीत टाकलीस. "मी कुठं जातीया?" असं म्हणून तू चहाला उठलीस. दुसऱ्या दिवशी छातीत दुखतंय म्हणून आली नाहीस, आणि मग फोन आला तो दत्ताचा.

माझं चुकत नव्हतं. तुला हे आत्ताही ऐकवीन, माझं चुकत नव्हतं. पण बरोबर असून मला काय मिळालं? वर्ग सुरू झाला असता तरी माई 'पोट दुखतंय' म्हणायला शिकली असती. तुला जे सांगायची ते ती मराठीत मला सांगणार होती थोडंच. तू गेल्यापासून मी रात्रंदिवस तुझ्या बाजूनं माझ्याशीच भांडतेय, आणि तुझी बाजू मला तुझ्यासारखी मांडता येत नाही.

उद्या सोमवार. उद्या तिला सांगायचं ठरवलंय. कसं, ते माहीत नाही.

*

काल इथवर लिहून वही मिटली होती. आज जे झालं ते तुला सांगितलंच पाहिजे.

मी सकाळी लवकर गेले. मनात हिंदी वाक्यं जुळवत होते आणि एकही धड जुळत नव्हतं. माई येऊन खांबाशी बसली. मी तिच्याकडे जायला उठले, तेवढ्यात दारात दत्ता. सगळ्यांना भेटायला आला होता, तुझ्यासाठी इतक्या लांब आलात म्हणून. डोक्यावर पांढरी टोपी होती. दत्ताच्या डोक्यावर टोपी मी जन्मात बघितली नव्हती, तरी माझ्या डोक्यात काही आलं नाही. चाचांच्या आलं. ते धडपडत उठले, "दत्ता, चल भाईर, चा घिऊ," म्हणून त्याचा दंड धरायला लागले. पण त्या बिचाऱ्याला आमच्या भानगडी कुठं ठाऊक? "आधी सगळ्यांच्या पाया पडतो चाचा," म्हणाला. गुरुजींच्या पाया पडला, बाच्या पडला आणि माईसमोर वाकला.

टोपी निसटून तिच्या मांडीवर पडली. तिनं आशीर्वादाला हात उचलला होता, तो त्याच्या डोक्यावर टेकला. दहाव्याला मुंडण केलेलं डोकं, केसांची नुसती खरखर. हात तिथंच राहिला, आक्का. मग बोटं हळूहळू फिरली, मागं मानेपर्यंत गेली, पुन्हा पुढं आली. दत्ताचे वडील केव्हाच गेलेत हे तिला माहीत होतं. पोरानं मुंडण कुणासाठी केलं हे विचारायची तिला गरज नव्हती, तरी तिनं त्याची हनुवटी वर केली आणि तुझं विचारलं, "बबुआ... माई?"

दत्तानं मान हलवली. इतके दिवस शहाण्यासारखा वागलेला तो पोरगा तिच्या मांडीत तोंड खुपसून हुंदके द्यायला लागला. ती त्याची पाठ चोळत होती आणि आमच्याकडे बघत होती. एकेकाकडे. चाचांकडे, गुरुजींकडे, माझ्याकडे. ओरडली असती तर बरं झालं असतं. चाचांनी हात जोडले. तिनं ते बघितले आणि नजर काढून घेतली.

मग उठली. दत्ताच्या डोक्यावर टोपी नीट बसवली आणि बाहेर गेली. मला वाटलं, आता ही घरची वाट धरणार आणि पुन्हा कधी येणार नाही. मी मागं धावले. तर ती आवारातल्या नळाशी. बादली भरली होती. तिनं तांब्या बुडवला आणि नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावर ओतून घेतला. या थंडीत, परवा तापातून उठलेली बाई! मी टॉवेलसाठी ओरडले, तिचा हात धरायला पुढे झाले, तर गुरुजींनी मला थांबवलं.

"राहू द्या, बाई," ते म्हणाले. "भावकीतलं मानूस गेल्याचं मागनं कळलं, की कळंल तितंच डोक्यावरनं पानी घ्यायचं आस्तं. आमी सुतक पाळत न्हाय, पर गावात बघितलंय मी. तिच्याकडं बी हीच रीत आसंल."

भावकी. तिचं गाव कुठं, तुझं कळंब कुठं. आणि ती सुतकाचं पाणी घेत होती. मग तिनं हेल काढला, "ए बहिनी हो, हमरा के छोड के कहाँ चल गइलू हो," आणि पुढं काय काय. तुला बोलावत होती, तुझ्यावर रागावत होती, मधेच तुला काहीतरी समजावत होती. मला दहातले दोन शब्द कळले असतील. तुझ्या अख्ख्या दहाव्याला, तेराव्याला असं कुणी रडलं नव्हतं. फ्लॅटमध्ये तर नाहीच, तिथं शेजारच्यांची झोपमोड होते. आवारात चाचा उभे होते, बा उभी होती, दत्ता उभा होता, आणि कुणाला कुणाची लाज वाटत नव्हती.

मी तेवढी कोरडी होते. केंद्र चालवणारी बाई ना. कुणाला टॉवेल आणायला पाठवायचं, मनोजला फोन करायचा का, तिला कोरडं लुगडं कुठून मिळेल, हेच डोक्यात. कळंबहून आल्यावर मीही आंघोळ केली होती. पण मयताला गेलेला परकासुद्धा आंघोळ करतो. तुझं नातं लावून पाणी घ्यायचा हक्क मला कुणी दिला नव्हता आणि मी मागितलाही नव्हता. मी म्हटलं, "माई, बस करो. चलो अंदर."

तिनं ओल्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मनगट धरून मला नळाशी ओढलं, माझं डोकं खाली वाकवलं, तांब्या भरला आणि माझ्यावर ओतला. पाणी बर्फासारखं गार होतं. माझा श्वास अडकला, आणि सुटला तो रडत सुटला. आक्का गं, मी तुझ्या नावानं ओरडले, शेजारच्या बागेत फिरायला आलेली माणसं थांबून बघत होती तरी ओरडले, आणि माई माझी मान धरून दुसरा तांब्या भरत होती.